फिल्म क्लबच्या कमिटीला खुलं पत्र: हिरो पुरे झाले, आता प्रवासी दाखवा

प्रति,
अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कमिटीतले सगळे,
आपला फिल्म क्लब

विषय: ज्यू निर्वासितांच्या चोरट्या प्रवासावरच्या महोत्सवात कुठले पिक्चर लावायचे याबद्दल तक्रार आणि विनंती

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यातल्या महोत्सवाची यादी ग्रुपवर पडली आणि त्यावरून जे रामायण झालं ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे परत उगाळत नाही. अर्धे लोक म्हणतात गाझात एवढं सगळं चालू असताना हे पिक्चर लावायचेच कशाला, उरलेले अर्धे म्हणतात लावा आणि छाती फुगवून लावा, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांनी यादीतला एकही पिक्चर बघितलेला नाही हे त्यांच्या मेसेजवरूनच कळतंय. माझं म्हणणं या दोन्हीत बसत नाही म्हणून हे पत्र. विषय चांगलाय, महोत्सव झालाच पाहिजे. माझं भांडण तुमच्या निवडीशी आहे.

यादी एकदा शांतपणे बघा. उद्घाटनाला 1960 चा 'एक्सोडस', दुसऱ्या दिवशी 1966 चा 'कास्ट अ जायंट शॅडो', तिसऱ्या दिवशी 1976 चा 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' आणि समारोपाला 2019 चा 'द रेड सी डायव्हिंग रिसॉर्ट'. म्हणजे पॉल न्यूमन, कर्क डग्लस, जहाजाचा कप्तान झालेला मॅक्स फॉन सिडो आणि ख्रिस इव्हान्स. चार पिक्चर, चार देखणे वाचवणारे. ज्यांना वाचवलं ते कुठायत? ते मागे गर्दीत आहेत, पांघरुणं गुंडाळून बसलेत, हिरोकडे डोळे लावून. एखादी म्हातारी रडते, एखादं पोरगं गोड हसतं, की लगेच कॅमेरा परत हिरोवर. बरं गंमत अशी की पहिल्या पिक्चरमधल्या हिरोचं नाव अरी आणि एकोणसाठ वर्षांनी आलेल्या शेवटच्या पिक्चरमधल्या हिरोचं नाव पण अरीच! एवढ्या वर्षांत निदान नाव तरी बदलायचं राव.

आता तुम्ही म्हणाल पिक्चर म्हटलं की हिरो येणारच. मान्य. पण ज्या गोष्टीवर हे पिक्चर उभे आहेत ती गोष्टच मुळात प्रवाशांनी घडवलेली आहे, हे माझं म्हणणं आहे आणि ते नीट सांगायला थोडा इतिहास लागेल, जरा सहन करा.

1939 च्या मे महिन्यात पॅलेस्टाइनवर तेव्हा राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी एक धोरण जाहीर केलं की पॅलेस्टाइनमध्ये पुढच्या पाच वर्षांत मिळून 75,000 ज्यूंनाच येता येईल, त्याच्यापुढे अरबांची संमती असेल तरच. आणि वेळ कुठली, तर युरोपातले ज्यू जीव वाचवायला जागा शोधतायत आणि बाकीचे देश पण दारं लावून बसलेत तेव्हाची. मग कागदपत्रांशिवाय, जुन्या गुरं वाहायच्या नाहीतर भंगारात निघालेल्या बोटींतून लोक निघाले. साधारण दीडशेच्या आत खेपा आणि लाखाच्या वर माणसं, असा हा सगळा पसारा 1948 पर्यंत चालला. महायुद्ध संपल्यावर तर जास्तच, कारण छळछावण्यांतून जिवंत सुटलेले लोक जर्मनीतच परत दुसऱ्या कॅम्पांत पडून होते, गावी जावं तर गावात घर नाही, माणूस नाही. बोट पकडली गेली की आधी हैफाजवळच्या अतलीत कॅम्पात, आणि 1946 च्या ऑगस्टपासून थेट सायप्रसला, तारेच्या कुंपणात. सायप्रसच्या त्या कॅम्पांत पन्नास हजारांवर लोक राहून गेले आणि तिथे दोन हजारांच्या वर पोरं जन्माला आली. कुंपणाच्या आत, तंबूत आणि पत्र्याच्या शेडमध्ये. ज्यांचं सगळं घर मेलं त्यांनी तिथे लग्नं केली, पोरं केली. माझ्या मते पिक्चर इथे आहे.

तर 'एक्सोडस'. पिक्चर वाईट नाहीये, उगाच नावं ठेवणार नाही. दिग्दर्शक ओटो प्रेमिंगरने हॉलिवूडच्या काळ्या यादीतल्या, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून कामं बंद केलेल्यांपैकी, लेखक डाल्टन ट्रम्बोचं नाव उघडपणे पडद्यावर टाकलं ही त्या काळात हिमतीचीच गोष्ट होती. अर्नेस्ट गोल्डचं म्युझिक तर ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. आणि तो सीन, पॉल न्यूमन ब्रिटिश ऑफिसरचा युनिफॉर्म घालून बसलाय आणि समोरचा खरा ऑफिसर फुशारकी मारतोय की ज्यू मी नुसत्या नजरेवरून ओळखतो, मग हा म्हणतो जरा माझ्या डोळ्यात काहीतरी गेलंय बघता का, आणि तो वाकून डोळ्यात बघतो तरी त्याला काही कळत नाही! हॉलमध्ये टाळ्या पडणार, लिहून घ्या.

पण त्यात बोट कशी सुटते? हिरो बनावट कागद आणि ट्रक घेऊन सायप्रसच्या कॅम्पातून 611 लोक काढतो, बोटीत भरतो, बंदर अडवलं जातं, उपोषण होतं, ब्रिटिश नमतात, बोट थाटात निघते. खऱ्या 'एक्सोडस 1947' चं असं काहीही झालं नाही. ती मुळात 1928 ची, अमेरिकेत बाल्टिमोर ते नॉर्फोक अशा खाडीतल्या फेऱ्या मारणारी 'प्रेसिडेंट वॉरफिल्ड' नावाची पॅसेंजर बोट. काही शे माणसांसाठी बांधलेल्या त्या बोटीत फळ्यांचे मजले टाकून साडेचार हजार माणसं कोंबली, त्यात गरोदर बायका, लहान पोरं. फ्रान्सच्या सेत बंदरातून 11 जुलै 1947 ला निघाली. कप्तान होता फक्त 23 वर्षांचा. बोटीचं बूड उथळ, म्हणून बेत असा की किनाऱ्यालगत उथळ पाण्यात घुसायचं जिथे नौदलाची मोठी जहाजं येऊच शकत नाहीत, आणि वाळूवर चढवून द्यायची. पण ब्रिटिशांनी 18 जुलैला पहाटे भर समुद्रातच, हद्दीच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी विनाशिका घासून बोट दाबली आणि सैनिक वर चढवले. आता इथे प्रवाशांनी काय केलं बघा. बंदुका नव्हत्या. बटाटे आणि कॅन केलेल्या अन्नाचे डबे फेकून मारले. तासन्तास. तीन जण मेले, एक अमेरिकन खलाशी आणि दोन प्रवासी.

पुढचं तर पिक्चरमध्ये औषधालाही नाही. हैफाच्या धक्क्यावर या लोकांना तीन जहाजांत चढवून परत फ्रान्सला आणलं. फ्रेंच सरकार म्हणालं, उतरायचं त्यांनी खुशाल उतरा, आसरा देतो, पण जबरदस्ती कोणावर करणार नाही. उतरले फार थोडे. बाकीचे पोर्ट-द-बूकच्या बंदरासमोर, भर उन्हाळ्यात, लोखंडी जहाजांच्या पोटात जाळीच्या पिंजऱ्यात तीन आठवड्यांच्या वर बसून राहिले आणि उतरायला नकार दिला. कोणी हिरो नव्हता तिथे भाषण द्यायला, म्हणजे पुढारी होते बोटीवर, नाही असं नाही, पण साडेचार हजार माणसांपैकी प्रत्येकाने रोज सकाळी उठून परत नाही म्हणायचं, पोराला ताप आलेला असताना नाही म्हणायचं, हे पुढाऱ्याच्या हुकमाने होत नाही. त्यातल्या 'रनीमीड पार्क' जहाजावर रूथ ग्रुबर नावाची पत्रकार गेली होती, तिने फोटो काढला, प्रवाशांनी ब्रिटिश झेंडा घेऊन त्यावर स्वस्तिक रंगवलं होतं, नाझींचं. छळछावणीतून आलेल्या माणसाने ते चिन्ह आपल्या हाताने रंगवायचं, विचार करा. ट्रम्बोच्या अख्ख्या स्क्रिप्टमध्ये एवढं जळजळीत वाक्य नाही. आणि शेवटी सप्टेंबरमध्ये ब्रिटिशांनी त्यांना नेलं कुठे, तर हॅम्बुर्गला. जर्मनीत! जिथून जीव मुठीत घेऊन निघाले तिथेच, परत काटेरी तारेच्या कॅम्पात. जगभर छी थू झाली. बोट हैफाला आणली तेव्हा युनोच्या समितीचे दोन सदस्य धक्क्यावर उभे राहून बघत होते, ही समिती नंतर पॅलेस्टाइनच्या फाळणीची शिफारस करते. म्हणजे हरलेल्या प्रवासाने जे साधलं ते पोचलेल्या बोटीने साधलं असतं का, हा प्रश्न पिक्चरला पडतच नाही कारण पिक्चरमध्ये बोट जिंकते.

तरी त्याच पिक्चरमध्ये एक जागा आहे जिथे माझा सगळा राग जातो. डोव लांडाऊ, ते पोरगं, सॅल मिनिओने केलंय, भूमिगत संघटनेत भरती व्हायला येतं आणि समोर बसलेला म्हातारा त्याला प्रश्न विचारत जातो, ऑशविट्झमध्ये काय काम करत होतास, सुरुंग लावायला कुठे शिकलास, नक्की काय करत होतास, परत सांग. आधी ऐटीत खोटं बोलतं, मग अडखळतं, मग सगळं फुटतं, प्रेतं हलवायचं काम, आणि त्याच्यावर झालेले अत्याचार. साडेतीन तासांच्या पिक्चरमध्ये एवढी काही मिनिटं एक प्रवासी स्वतःबद्दल बोलतो आणि तेवढ्यातच पिक्चर जिवंत होतो. बाकी वेळ कबड्डी.

'कास्ट अ जायंट शॅडो' बद्दल फार लिहीत नाही. तो अमेरिकन कर्नलचा पिक्चर आहे, निर्वासित त्यात तोंडी लावायला. काढून टाका. 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' चांगला आहे पण तो आपल्या विषयात बसत नाही, 'सेंट लुइस' जहाजावरचे 937 प्रवासी 1939 ला हॅम्बुर्गहून राजरोस तिकीट काढून निघाले होते, बहुतेकांकडे क्यूबाचे परवाने होते जे क्यूबाने ऐनवेळी मानले नाहीत. जहाज परत फिरलं, चार देशांनी लोक वाटून घेतले, आणि पुढे ब्रिटन सोडून बाकी तिन्ही देशांत नाझी पोचले तेव्हा त्यातले 254 मारले गेले. भयंकरच, पण लपतछपत नवीन देशात शिरायची गोष्ट ती नव्हे. निदान कप्तान खरा होता आणि खरंच भला होता, एवढं त्याच्या बाजूने.

आता वाचवणारा नसलेल्या गोष्टीचं काय होतं ते सांगतो. 'स्ट्रुमा'. रुमानियाच्या कॉन्स्तान्त्सा बंदरातून 1941 च्या डिसेंबरमध्ये निघालेली, साडेसातशेच्या वर माणसं असलेली, एकोणिसाव्या शतकातली जुनाट बोट. इंजिन बंद पडलं, कशीबशी इस्तंबूलला ओढून आणली आणि तिथे शहरासमोर, लोक दिसतायत एवढ्या अंतरावर, सत्तर दिवस उभी. तुर्क उतरू देईनात, ब्रिटिश पॅलेस्टाइनचे परवाने देईनात. 23 फेब्रुवारी 1942 ला बंद इंजिनासकट काळ्या समुद्रात ओढून सोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. वाचला एकच, डाविड स्टोल्यार, 19 वर्षांचा. फळकुटाला धरून राहिला, आणि वाचल्यावर तुर्कांनी त्याला काही आठवडे तुरुंगात टाकलं, कारण व्हिसा नव्हता. यावर 2001 ची एक डॉक्युमेंटरी आहे, पण मोठ्या स्टारचा, मोठ्या बजेटचा असा पिक्चर माझ्या तरी पाहण्यात नाही. कोणाला घेणार? न्यूमनला कुठला रोल देणार?

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. 1940 ला पकडलेल्या साधारण 1,580 लोकांना ब्रिटिशांनी थेट मॉरिशसला नेऊन बो बासाँच्या तुरुंगात ठेवलं, पुरुष कोठड्यांत, बायका बाहेरच्या पत्र्याच्या झोपड्यांत, ते 1945 पर्यंत. आपल्याकडून मॉरिशसला हनिमूनला जाणाऱ्यांना कुठला टूरवाला ते दाखवतो? किंवा 1947 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातून इटलीत गेलेले साधारण पाच हजार लोक. इटलीला जायच्या बाकीच्या वाटा ब्रिटिश आणि फ्रेंच ताब्यात, अमेरिकन ताब्यातल्या ऑस्ट्रियाची हद्द इटलीला फक्त एका ठिकाणी लागत होती आणि तिथे आडवा आल्प्स. क्रिम्लची ती खिंड 2,634 मीटर उंच, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त, आणि हे लोक रात्री चढायला सुरुवात करायचे, शहरी चपला-बूट, कडेवर तान्ही पोरं, पोरं रडू नयेत म्हणून झोपेचं औषध दिलेलं. ट्रेकला जाणारे आपल्या क्लबात निम्मे आहेत, त्यांना विचारा कडेवर पोर घेऊन रात्रीची चढण म्हणजे काय.

मग असे पिक्चर आहेत का जे प्रवाशाच्या बाजूने बघतात? आहेत, आणि माझी विनंती तीच आहे की हे लावा.

पहिला मेयर लेविनचा 'द इल्लीगल्स', 1948 चा. हा माणूस मूळचा अमेरिकन कादंबरीकार, 1947 मध्ये कॅमेरा घेऊन खऱ्या निर्वासितांबरोबरच निघाला, पोलंडपासून युरोप ओलांडत इटलीच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिथून चोरून निघणाऱ्या बोटीवर. एका जोडप्याची कथा गुंफलीय, तेवढी नाटकी आहे, आणि ती जरा ओढूनताणून वाटते हे आधीच सांगतो म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. पण आजूबाजूची माणसं खरी आहेत. बोटीच्या पोटातले फळ्यांचे मजले खरे. ब्रिटिश जहाज जवळ येतं ते खरं. प्रकाश कमी, फ्रेम हलतेय, आवाज नंतर चिकटवलेला, आपल्या क्लबातले कॅमेरावाले नाकं मुरडतील. मुरडू देत. पाठीवर बोचकं कसं बांधतात, रांगेत पुढच्याच्या कोटाला धरून अंधारात कसं चालतात हे हॉलिवूडच्या कुठल्या एक्स्ट्राला जमलंय?

दुसरा अमोस गिताईचा 'केद्मा', 2002 चा, कान महोत्सवात स्पर्धेत होता. हा ग्रुपवर भांडणाऱ्या दोन्ही पार्ट्यांनी शेजारी शेजारी बसून बघावा. सुरुवातीचा शॉट बघा, बोटीच्या पोटात एक जोडपं, अंधार, बाई कपडे काढतेय, शेजारी इतकी माणसं की एकांत नावाची गोष्टच नाही, मग कॅमेरा एका माणसाबरोबर जिना चढून वर डेकवर येतो तर तिथेही माणसंच माणसं, कोणी काही बोलत नाही. मे 1948. किनाऱ्यावर उतरतात तर ब्रिटिश सैनिक मागे लागतात, पळापळ होते, आणि जे वाचतात त्यांच्या हातात ज्यू लढवय्ये बंदुका देतात आणि जेरुसलेमच्या रस्त्यावरच्या लढाईत ढकलतात. ज्यांना धड एकमेकांची भाषा येत नाही असे लोक. आणि वाटेत त्यांना समोरून येणारे अरब शेतकरी भेटतात, गाढवावर सामान लादून गाव सोडून चाललेले. निर्वासित निर्वासितांना भेटतात. त्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, आणि 'एक्सोडस' मध्ये त्यांच्या वाट्याला एक भला मित्र आणि बाकी खलनायक एवढंच येतं. गिताई कोणाची बाजू घेऊन आरडाओरडा करत नाही, शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलू देतो आणि एका थकलेल्या निर्वासितालाही बोलू देतो, दोघं बेंबीच्या देठापासून बोलतात. शेवट जरा भाषणबाजीकडे जातो हे खरंय. पण असे पिक्चर लावायचेच कशाला म्हणणाऱ्यांना आणि छाती फुगवून लावा म्हणणाऱ्यांना, दोघांनाही तो गप्प करेल.

आता समारोप. 'रेड सी डायव्हिंग रिसॉर्ट' मध्ये गोष्ट भन्नाट आहे हे कबूल. सुदानच्या किनाऱ्यावर मोसादने, म्हणजे इस्रायलच्या गुप्तहेर संघटनेने, खोटं हॉटेल चालवलं, अरूस नावाचं, ब्रोशर छापली, खरे टुरिस्ट यायचे, डायव्हिंग करायचे, आणि रात्री हेच वेटर-मॅनेजर ट्रक घेऊन इथिओपियातून आलेल्या ज्यूंना निर्वासितांच्या कॅम्पांतून किनाऱ्यावर आणायचे आणि रबरी होड्यांतून जहाजावर पोचवायचे. कोणाला पटलं नसतं पण झालं. पण ही वाट उघडली कोणी? फेरेदे अक्लुम, इथिओपियन ज्यू, शाळामास्तर. सरकार मागे लागलं म्हणून सुदानमध्ये पळाला आणि तिथून मदतीसाठी संदेश पाठवत राहिला, मग मोसादचा माणूस त्याला शोधत खार्तूमला आला. आधी याचे संदेश, मग मोसाद. पिक्चरमध्ये त्याच्यावरून एक पात्र बेतलंय, नाव बदलून, मायकेल के. विल्यम्ससारखा तगडा नट घेऊन, आणि त्याला ठेवलंय ख्रिस इव्हान्सच्या मागे. आणि ज्यांनी शेकडो किलोमीटर पायपीट केली, गावंच्या गावं उठून रात्री चालायची, लुटारू, तहान, मग सुदानच्या कॅम्पात ज्यू असल्याचं लपवून महिनोन् महिने काढायचे, त्यांच्यातले चार हजारांच्या आसपास वाटेत आणि कॅम्पात मेले, त्यांना पिक्चरमध्ये एक धड वाक्य नाही. इव्हान्सने शर्ट काढून मारलेले पुशअप्स मात्र आहेत.

याच्या जागी रादू मिहाइलेआनूचा 2005 चा फ्रेंच पिक्चर लावा, 'वा, वी ए दव्यां'. एक इथिओपियन ख्रिश्चन पोरगा, सुदानच्या कॅम्पात आई त्याला ज्यूंच्या रांगेत ढकलते, 1984 ला इथिओपियन ज्यूंना इस्रायलला नेणाऱ्या विमानांत जागा मिळावी म्हणून. जिचा स्वतःचा मुलगा मेलाय अशी दुसरी बाई त्याला त्या मुलाच्या नावावर घेऊन जाते. म्हणजे चोरट्या प्रवासात अजून एक चोरटा. इस्रायलला पोचल्यावर पोरांना अंघोळ घालतात, शॉवर सुरू होतो, आणि हा पोरगा घाबरून खाली बसतो आणि जाळीतून वाहून जाणारं पाणी हाताने अडवायला बघतो. दुष्काळातून आलेलं पोरगं, त्याला कळेचना एवढं पाणी जमिनीत का सोडतायत. आपल्या मराठवाड्यातल्या सभासदांना हा सीन समजावून सांगावा लागणार नाही. तिथून पुढे पिक्चर दोन तास चालतो, कारण पोचणं ही अर्धीच गोष्ट असते, आणि तुमच्या यादीतले दोन्ही अरी लोकांना पलीकडे पोचवून मोकळे होतात.

परवा कमिटीतल्याच एकाने विचारलं होतं की आपले कोकणातले मराठी ज्यू, बेने इस्रायली, पण असेच लपूनछपून गेले का. नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुंबईहून ते पासपोर्ट काढून सरळ गेले, इथे त्यांना कोणी छळलं नव्हतं. त्यांची अडचण पोचल्यावर सुरू झाली. 1962 च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की यांच्याशी लग्न लावायच्या आधी पिढ्यान् पिढ्यांचं मूळ तपासा. यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, 1964 मध्ये संसदेला ठराव करावा लागला की हे सगळ्या बाबतीत ज्यूच आहेत. वीस-एकवीस वर्षांनी, 1985 ला, सुदानमार्गे आलेले इथिओपियन त्याच धर्मपीठासमोर धरणं धरून बसले, त्यांना परत धर्मांतराचा विधी करायला सांगितला म्हणून. डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हा आपला बेने इस्रायली माणूस अर्धं आयुष्य हिंदी पिक्चरमध्ये प्रेमळ काका झाला, पण त्याच्या समाजाच्या या धरण्यावर एक मराठी पिक्चर कोणाला सुचला नाही. हा विषय वेगळा, त्यावर परत कधीतरी भांडू.

तर मागणी अशी. उद्घाटनाला 'केद्मा', दुसऱ्या दिवशी लेविनचा, प्रिंट कुठून आणायची त्याची खटपट मी करतो. शेवटच्या दिवशी 'वा, वी ए दव्यां'. 'एक्सोडस' काढू नका, मधल्या दिवशी लावा, पण आधी कोणीतरी दहा मिनिटं उभं राहून खऱ्या बोटीचं काय झालं ते सांगा, नाहीतर लोक घरी जाऊन सांगतील की उपोषण केलं आणि ब्रिटिशांनी सोडलं. 'रेड सी' तसाही तुम्हाला लावता येणार नाही, तो नेटफ्लिक्सवरचा आहे आणि घरच्या सबस्क्रिप्शनवर हॉलमध्ये सार्वजनिक शो करायची परवानगी नसते. सेक्रेटरींना हे माहीत असेलच, तरी लिहून ठेवतो.

पोस्टर अजून छापायला गेलं नसेल तर आत्ताच थांबवा. आणि पोस्टरवर फोटो टाकायचाच असेल तर न्यूमनचा नको.

कळावे, लोभ असावा,
एक वर्गणी भरलेला सभासद

ता.क. 'एक्सोडस' 208 मिनिटांचा आहे. संध्याकाळी साडेसातला लावलात तर मध्यंतर धरून अकरा वाजून जातील आणि हॉलवाला दहाला लाइट घालवतो, मागच्या वेळचं आठवतंय ना. रविवारी दुपारी दोनला ठेवा, चहाची सोय मी बघतो.